खोगीर उलटे करून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीचा हंगाम आला की माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी इथल्या घोड्यांविषयी बातम्या आणि वाचकांची पत्रे येऊ लागतात. घोड्याला चारापाणी वेळेवर मिळते का, नाल नीट मारली आहे का, लहानखुऱ्या घोड्यावर केवढा माणूस बसवला, याची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण घोडा आणि माणूस यांच्यामध्ये जे असते त्या खोगिराकडे कुणी पाहत नाही. पाहिले तरी वरून पाहतात. चामडे चकचकीत आहे, शिवण उसवलेली नाही, एवढ्यावर ते चांगले ठरते. घोड्याच्या पाठीला मात्र खोगिराची खालची बाजूच लागते.

प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. जखम किंवा चट्टा असलेल्या, कामाला अयोग्य जनावराला कामाला जुंपणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्याच कायद्याखाली ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्राने नियम केले. त्यांत खोगिरासाठी एक वेगळी तरतूद आहे, तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. खोगिराची कमान आणि घोड्याच्या दोन खांद्यांमधला हाडांचा उंचवटा यांच्यात पुरेशी मोकळी जागा राहिली पाहिजे, घोड्याचा साज थेट त्या उंचवट्यावर टेकता कामा नये, असे ती सांगते. वाक्य एकच आहे, पण खोगीर बनवण्याची निम्मी विद्या त्यात आली. ही मोकळी जागा कशाने तयार होते, कशाने नाहीशी होते आणि ती आहे की नाही हे कुणालाही कसे तपासता येईल, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दिसणारे इंग्लिश धाटणीचे चामडी खोगीर डोळ्यांपुढे ठेवूनच सारे लिहिले आहे.

आधी एका शब्दाविषयी. मराठीत ‘खोगीरभरती’ म्हणजे निरुपयोगी भर. कवितासंग्रह असो की कार्यकारिणी, जागा भरायला कुणालाही आत ढकलले की आपण हाच शब्द वापरतो. दख्खनी खोगीर म्हणजे कापडाची किंवा नमद्याची, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाची, भरलेली गादी. आत ताठ सांगाडा असलेले ते जीन. गादीत चिंध्या, चोथा, हाताला लागेल ते कोंबत, म्हणून शब्दाला तो अर्थ आला. आज आपण दोन्हीला खोगीरच म्हणतो. भर वाईट असे म्हणून शब्द बदनाम झाला, हे खरे. पण घोड्याच्या बाजूने पाहिले तर खोगिरात भरतीइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. तिच्याहून महत्त्वाचा एकच भाग, तिच्या वर बसलेला सांगाडा.

सांगाड्याला कारागीर ‘ट्री’ म्हणतात. जुन्या पद्धतीत तो ‘बीच’ नावाच्या झाडाच्या लाकडाचा असे. आता लाकडाचे पातळ पापुद्रे सरसाने एकावर एक चिकटवून साच्यात दाबून करतात. फायबरचे आणि नायलॉनचे सांगाडेही मिळतात. पुढे कमान, मागे बैठकीचा उंच काठ, आणि दोन्हींना जोडणाऱ्या दोन बाजू. कमानीला वरून आणि खालून पोलादी पट्टी रिव्हेटने ठोकतात, कारण सर्वांत जास्त ताण तिथेच येतो. कमानीचे दोन पाय घोड्याच्या खांद्यामागे दोन्ही अंगांना उतरतात. स्प्रिंगचा सांगाडा असेल तर पुढून मागेपर्यंत स्प्रिंग पोलादाच्या दोन पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यामुळे बैठक किंचित लवते आणि स्वाराच्या मांडीखालचा धक्का मऊ होतो. रिकिबीचा, म्हणजे स्वाराने पाय ठेवायच्या कडीचा, पट्टा जिच्यात अडकवायचा ती लोखंडी दांडी सांगाड्यालाच रिव्हेट केलेली असते. ही दांडी ठोकून घडवलेल्या पोलादाची हवी. ओतीव दांडी दिसायला तशीच असते, पण तडकली की एकदम तुटते, आणि तुटते ती स्वाराचा सगळा भार रिकिबीवर असतानाच.

सांगाड्याचे काम घोड्याचा कणा मोकळा ठेवण्याचे. माणसाचे वजन कण्यावर न पडता कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर पसरावे, यासाठी तो असतो. म्हणून त्याची रुंदी घोड्याप्रमाणे घ्यावी लागते. बाजारात अरुंद, मध्यम, रुंद आणि अतिरुंद अशा रुंद्या मिळतात. पण एका कारखान्याचा ‘मध्यम’ दुसऱ्याच्या ‘मध्यम’शी जुळेलच असे नाही. माप घोड्याचे घ्यावे. वाकवली की तशीच राहणारी मोजपट्टी, किंवा ती नसेल तर जाड शिशाची तार, खांद्याच्या फऱ्याच्या मागे दोन बोटे सोडून उंचवट्यावर आडवी दाबावी, अलगद उचलून कागदावर ठेवावी आणि तिची आतली रेघ काढावी. तिथून वीतभर मागे दुसरी रेघ, खोगिराचा मागचा काठ येतो तिथे तिसरी. चौथी रेघ उंचवट्यापासून कमरेपर्यंत कण्यावरून उभी. घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर सरळ उभा हवा आणि मान खाली घालून चरत नसावा, नाहीतर माप खोटे येते. घोडा पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यावर भरतो, हंगामात कामाने उतरतो. तेव्हा वर्षातून दोनदा माप घेतलेले बरे.

सांगाड्यावर नवार ताणतात. बाजेची नवार विणताना जशी ओढून घेतात, तशीच ही पट्टी पुढच्या कमानीपासून मागच्या काठापर्यंत चिमट्याने ताणून बारीक खिळ्यांनी ठोकतात. ताण कमी पडला तर बैठक काही महिन्यांतच खाली बसते आणि स्वार सांगाड्याच्या लाकडावर येतो. उभ्या नवारीवर आडवी नवार, तिच्यावर कॅनव्हास, मग लोकरीचे किंवा फोमचे पातळ भरण, आणि शेवटी बैठकीचे चामडे. हे चामडे पातळ, दीडेक मिलिमीटरचे. ते ओले करून सांगाड्यावर ताणतात आणि तसेच सावलीत वाळू देतात. वाळताना त्याने बैठकीचा आकार धरला की मगच काढून कडेची शिवण घालतात आणि पुन्हा चढवतात. घाईत अर्धवट ओले चढवलेले चामडे पुढे सैल पडते, त्याला सुरकुत्या येतात. तशी सुरकुती नव्या खोगिरात दिसली तर कामातली घाई समजावी. जुन्या खोगिरात बैठकीच्या मधोमध आडवी घडी अचानक दिसू लागली तर मात्र सांगाडा मोडला असण्याची शंका घ्यावी.

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा. तो बांधायचे पट्टे खोगिराला कुठे शिवलेले आहेत, हे खोगीर घेताना कुणी पाहत नाही. प्रत्येक बाजूला तीन पट्टे असतात. पहिला पट्टा एका स्वतंत्र नवारीला शिवतात. दुसरा आणि तिसरा दोन्ही मिळून दुसऱ्या नवारीला. म्हणून तंगाची दोन बक्कले पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्यात लावावीत, किंवा पहिल्या आणि तिसऱ्या. दुसरा आणि तिसरा ही जोडी कधीच लावू नये. ती नवार तुटली तर दोन्ही पट्टे एकदम सुटतात आणि खोगीर स्वारासकट घोड्याच्या पोटाखाली जाते. भाड्याच्या घोड्यांवर पहिला पट्टा झिजून तुटलेला आणि उरलेल्या दोनांवर काम चालू, असे दिसले तर त्या दिवशी त्या खोगिरावर बसू नये. पट्टा बदलायला अर्धा तास लागतो, नवार बदलायला अर्धा दिवस.

चामडे रासायनिक क्रोमने कमावलेले की झाडपाल्याने, यावर खोगिराचे आयुष्य ठरते. बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतींनी कमावलेले चामडे ओले केले की हवा तो आकार घेते आणि वाळल्यावर तो सोडत नाही. त्याची कड घासली की घट्ट आणि गुळगुळीत होते. क्रोमचे चामडे मऊ असते, पाण्याला टिकते, पण ताणाखाली लांबत जाते. पट्ट्याला ते कामाचे नाही. कापलेली कड पाहिली की बहुधा ओळखू येते: वनस्पतीने कमावलेल्या चामड्याची कड आतपर्यंत तपकिरी असते, क्रोमच्या चामड्याची मधली रेघ पुष्कळदा निळसर करडी दिसते. भौगोलिक मानांकन असलेली कोल्हापुरी चप्पल याच बाभूळ-हिरड्याच्या चामड्याची, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तेव्हा हे चामडे ओळखणारे, रापी आणि आरी हातात बसलेले कारागीर आपल्याकडे आहेत. खोगीर नवे घडवण्याचे मोठे केंद्र कानपूर. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्करासाठी सरकारी कारखाना उभा राहिला आणि आज तिथल्या खोगीरकामालाही भौगोलिक मानांकन आहे. पण पट्टे, अस्तर, शिवण यांची दुरुस्ती कानपूरला धाडायची गरज नाही. ती कोल्हापूर, साताऱ्यात होऊ शकते.

एकाच कातड्याचे सगळे भाग सारखे नसतात. पाठीचा मागचा भाग सर्वांत घट्ट; तंगाचे आणि रिकिबीचे पट्टे त्याचेच कापावेत, चार ते पाच मिलिमीटर जाडीचे. पोटाचे चामडे सैल आणि ताणणारे, ते अस्तराखाली चालते, पट्ट्याला चालत नाही. बाजूंचे मोठे पदर, ज्यांना फ्लॅप म्हणतात, ते एकाच कातड्यातून डावा-उजवा समोरासमोर कापले तर दोन्हींची जाडी आणि लवचिकपणा जुळतो. रिकिबीच्या पट्ट्यांची जोडीही शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांची हवी. तरीही डावा पट्टा जास्त लांबतो, कारण सगळे डावीकडूनच चढतात. दर आठवड्याला डावा-उजवा पट्टा अदलाबदल केला तर दोन्ही सारखे ताणले जातात. भाड्याच्या खोगिरावर हे क्वचित होते. मग दोन्ही बाजूंचे पट्टे मोजून त्याच भोकाला लावले तरी डावी रिकीब बोटभर खाली येते, स्वार डावीकडे कलतो, आणि खोगिराची डावी गादी दिवसभर घोड्याच्या पाठीत रुतत राहते. पाठ एकाच बाजूने लागलेली दिसली की प्रथम रिकिबीचे पट्टे शेजारी ठेवून मोजावेत.

शिवणीबद्दल थोडक्यात. हाताची खोगीर-शिवण एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून घालतात. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. दोरा लिननचा, मधमाशीच्या मेणात ओढलेला. अशा शिवणीत एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ठेवतो. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवलेले असतात. एक तुटला की पुढचे टाके उसवत जातात. फ्लॅपच्या कडेला मशीनची शिवण चालेल. जिथे माणसाचा जीव टांगलेला असतो, म्हणजे तंगाचे पट्टे आणि रिकिबीच्या पट्ट्याचे बक्कल, तिथे हाताचीच हवी. जाड पट्ट्याला इंचाला सहा-सात टाके पुरतात. जास्त बारीक टाके दिसायला सुबक, पण भोकांची दाट रांग पडून पट्टा पोस्टाच्या तिकिटासारखा त्याच रेषेत फाटतो.

आता गादीकडे येऊ, म्हणजे खोगीरभरतीकडे. सांगाड्याच्या खाली चामड्याच्या दोन लांबट पिशव्या असतात, कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. त्यांच्या मधून पुढून मागेपर्यंत एक पन्हळ जाते. ही पन्हळ तीन ते चार बोटे रुंद हवी आणि सगळीकडे सारखी. स्वस्त खोगिरात ती पुढे रुंद आणि मागे दीड बोटाची झालेली आढळते. तिथे गादीची आतली कड थेट कण्याच्या हाडांवर येते.

भरण शुद्ध लोकरीचे, नीट पिंजलेले, लांब तंतूंचे असावे. लोकर दाबली की परत वर येते आणि घाम शोषूनही लगेच बसत नाही. कापडी चोथा आणि कारखान्यातील धाग्यांची टाकाऊ कात्रणे भरली तर पहिल्या महिन्यात खोगीर छान मऊ वाटते आणि सहा महिन्यांत आत लिंबाएवढ्या गाठी होतात. फोमच्या गाद्या सुरुवातीला सपाट आणि सारख्या असतात. पण त्या एका घोड्यासाठी कमी-जास्त करता येत नाहीत, आणि फोम बसला की सबंध गादीच बदलावी लागते.

भरताना लोकर बोटांनी मोकळी करून चिमटीएवढी घ्यावी आणि टोकाला खाच असलेल्या लोखंडी सळईने आत सारावी. मोठा गोळा एकदम कोंबला की त्याची गाठ राहिलीच म्हणून समजा. डाव्या-उजव्या गादीची लोकर आधी काट्यावर तोलून वेगळी ठेवली तर दोन्ही बाजू सारख्या भरतात. आधी टोकांचे कोपरे, मग मधला भाग. भरून झाले की बाहेरून आरी टोचून आतली लोकर थोडी थोडी सरकवून सपाटी आणावी आणि लाकडी मोगरीने हलकेच ठोकून घ्यावी. तळहात ठेवून दाबल्यावर गादी किंचित दबली पाहिजे आणि हात उचलताच भरून आली पाहिजे. दगडासारखी लागली तर जास्त भरली आहे. गुठळ्या लागल्या तर जुनी लोकर घामाने थापटली गेली आहे. गुठळ्या झालेल्या गादीत वरून नवी लोकर घालणे ही नेहमीची चूक. नवी लोकर गुठळ्यांच्या मधल्या जागेत जात नाही, त्यांच्या वर चढते, आणि टेंगळे आणखी मोठी होतात. सगळी जुनी लोकर काढून, अस्तर पुसून, नव्याने भरणे हाच उपाय. नवे खोगीर पहिल्या वीस-तीस तासांच्या स्वारीत बसते, तेव्हा एकदा, आणि पुढे वर्षातून निदान एकदा भरण तपासावे. रोज कामावर असलेल्या खोगिराला वर्षातून दोनदा लागेल.

कायद्यातली ती मोकळी जागा या दोन गोष्टींतून तयार होते, सांगाड्याची रुंदी आणि गादीची भर. सांगाडा घोड्यापेक्षा रुंद असला की पुढचा भाग खाली बसतो, स्वार पुढे घसरतो आणि कमान उंचवट्यावर टेकते. तिथे हाडावर कातडीशिवाय जवळजवळ काहीच नसते. एका लांब फेरीत पाठ लागते आणि भरायला आठवडेच्या आठवडे जातात. सांगाडा अरुंद असला तर उलट. कमान वर उचलली जाते, मोकळी जागा भरपूर दिसते, आणि पाहणारा समाधानाने मान डोलावतो. पण कमानीचे पाय दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे रुततात, स्वार मागे कलतो आणि सगळा भार कमरेजवळ जातो. म्हणून नुसती मोकळी जागा पाहून भागत नाही. रुंद सांगाड्याला पुढच्या बाजूने थोडी लोकर वाढवून किंवा पुढे जाड असलेली पातळ गादी घालून तात्पुरते सावरता येते. अरुंद सांगाड्याला भरणाने काहीही सावरता येत नाही. खाली आणखी घोंगडी, आणखी पोते घातले की तो आणखी आवळतो. पाठ दुखते म्हणून जाड घालायचे, जाड घातल्याने आणखी दुखायचे, हे चक्र भाड्याच्या घोड्यांवर फार दिसते.

तिसरा दोष लांबीचा. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात आणि खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. त्यामागे कण्याला खालून बरगड्यांचा आधार नाही. डोंगरी पर्यटनस्थळांवरची बरीच घोडी आणि तट्टे आखूड पाठीची, आणि त्यांच्यावर सतरा-अठरा इंची बैठकीची खोगिरे घातलेली असतात, कारण गिऱ्हाईक मोठ्या अंगाचे. बैठक पुढच्या खिळ्याच्या डोक्यापासून मागच्या काठाच्या मध्यापर्यंत मोजतात. बैठक स्वाराच्या मापाची आणि गादी घोड्याच्या मापाची, यांतले दुसरे माप आधी पाळले पाहिजे. घोड्याच्या मापाच्या खोगिरात मावत नसेल एवढा मोठा स्वार त्या घोड्यावर बसवू नये.

आता तपासणी. यासाठी तज्ज्ञ लागत नाही. खोगीर मांडीवर उलटे ठेवा, मागचा काठ आपल्याकडे. पन्हळीतून पुढे पाहा. ती सरळ दिसली पाहिजे, वाकडी दिसली तर सांगाडा पिळलेला आहे किंवा भरण असमान. दोन्ही तळहात दोन्ही गाद्यांवरून एकाच वेळी पुढून मागे फिरवा. टेंगूळ, खड्डा, बाहेर आलेला खिळा हाताला लागतोच. मग पुढची कमान पोटाला टेकवून मागचा काठ दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढा. स्प्रिंगचा सांगाडा थोडा लवून लगेच परत जाईल. कट् असा आवाज आला, एकच बाजू लवली, किंवा बैठकीवर खोल घडी पडली तर सांगाडा मोडला. कमानीचे दोन पाय धरून आत-बाहेर दाबा. ते हलता कामा नयेत. ओट्यावरून किंवा गाडीच्या टपावरून पडलेल्या खोगिराची कमानच बहुधा तडकते, आणि वरून काहीच दिसत नाही. मोडक्या सांगाड्याच्या खोगिरावर चामडे कितीही चांगले असो, ते घोड्यावर घालू नये.

मग तेच खोगीर घोड्यावर, खाली काहीही न घालता, फऱ्याच्या मागे ठेवा. तंग न बांधता गादीखाली हात घालून पुढून मागे न्या. हात सगळीकडे सारखा दाबला गेला पाहिजे. मध्ये हात मोकळा आणि दोन टोकांना घट्ट असेल तर खोगीर पुलासारखे चार ठिकाणीच टेकते आहे. मागचा भाग हाताने दाबल्यावर पुढचा उचलत असेल तर ते मधल्या भागावर डुलते आहे. शेवटी तंग बांधून स्वार बसवा आणि कमानीखाली बोटे घाला. स्वार बसलेला असताना निदान दोन, शक्यतो तीन बोटे एकावर एक मावली पाहिजेत, आणि मागून पाहिले तर पन्हळीतून पुढचा उजेड दिसला पाहिजे. खाली घोंगडी किंवा नमदा घालत असाल तर तो वर ओढून पन्हळीत घ्यावा. नाहीतर घट्ट ताणलेले कापडच त्या उंचवट्यावर दोरीसारखे काचते. माथेरानची लाल माती घोंगडीत बसते आणि घामाबरोबर पॉलिश-कागदासारखी घासते, म्हणून रोज झटकणे आणि ठरावीक दिवसांनी धुणे आलेच.

खोगीर उतरल्यावर घोड्याची पाठ पाहावी. घामाचे डाग दोन्ही बाजूंना सारखे हवेत. घामाने भिजलेल्या जागेत मध्येच कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब जास्त आहे किंवा गादी टेकतच नाही. हात ठेवून, दाबल्यावर घोडा अंग चोरतो का ते पाहून, दोन्हींतले काय ते कळते. उंचवट्याजवळ काळ्या किंवा तांबूस घोड्याला आलेले पांढरे केस म्हणजे तिथे कधीतरी इतका दाब पडला की केसांच्या मुळातला रंगच गेला. ती जखम आज नसेल, पण जे खोगीर तेव्हा होते तेच आजही वापरात आहे का, हे विचारायला हवे.

स्वाराच्या जिवाशी संबंधित दोन गोष्टी. रिकिबीच्या दांडीच्या टोकाला एक छोटा खटका असतो. स्वार पडला आणि पाय अडकला तर पट्टा मागे सरकून निसटून यावा यासाठी तो उघडाच ठेवायचा असतो. जुन्या खोगिरांत तो गंजून बंद झालेला असतो, किंवा दांडी तुटली म्हणून पट्टा एखाद्या कडीत गाठ मारून बांधलेला असतो. मग पडलेला माणूस घोड्यामागे फरफटत जातो. दुसरी गोष्ट रिकिबीच्या मापाची. ती बुटाच्या रुंदीपेक्षा एक इंच जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा इंच. लहान मुलाचा पाय मोठ्या रिकिबीतून आरपार जातो, मोठ्या माणसाचा जाड तळाचा बूट लहान रिकिबीत अडकून बसतो. मुलांसाठी वेगळ्या रिकिबी ठेवणे घोडेवाल्यांना फार खर्चाचे नाही.

निगा फार लागत नाही, पण रोज लागते. घामात मीठ असते, ते चामड्याला कोरडे आणि ठिसूळ करते. म्हणून दररोज पिळलेल्या ओल्या फडक्याने आतली बाजू पुसावी, ग्लिसरिनचा साबण हलका लावावा आणि सावलीत वाळवावे. चुलीशेजारी किंवा उन्हात नको. तेल आठवणीने आणि थोडेच. तेलात भिजवलेला पट्टा मऊ होतो, लांबतो, आणि शिवणीचा दोरा कुजतो. पितळी बक्कलांखाली हिरवा गंज साठतो, तो महिन्यातून एकदा खरवडावा. पावसाळ्यात खोगीर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. बुरशी तिथेच धरते. हवेशीर जागी, भिंतीपासून दूर, गोल लाकडी दांड्यावर ठेवावे. जमिनीवर पुढची कमान टेकवून उभे केले तर कमानीचे चामडे झिजते. आडवे ठेवून त्यावर माणूस बसला तर सांगाडा पिळतो.

घोड्यांची पशुवैद्यकीय तपासणी जिथे होते तिथे घोडा खोगिरासह समोर आणायला सांगावा, अशी आमची नगरपालिकांना, प्राणिकल्याण संस्थांना आणि घोडेवाल्यांच्या संघटनांना विनंती आहे. घोड्याच्या क्रमांकासोबत खोगिराचाही क्रमांक लिहावा, म्हणजे एका घोड्याचे खोगीर दुसऱ्यावर चढणार नाही. हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी लोकर, नवार, पट्टे आणि एक हातशिवणीचा कारागीर यांची चार दिवसांची दुरुस्ती-बैठक प्रत्येक ठिकाणी भरवता येईल. बहुतेक खोगिरांना एवढेच लागते. ज्यांचा सांगाडा मोडला आहे किंवा घोड्याला अरुंद आहे ती बाजूला काढून घोडेवाल्याला नवे घेण्यासाठी मुदत आणि शक्य असेल तर मदत द्यावी. त्याचे पोट त्या खोगिरावर आहे. आणि नवे मागवताना कानपूरच्या कारखानदाराला फक्त बैठकीचे इंच कळवू नयेत. घोड्याच्या पाठीच्या त्या चार रेघा काढलेला कागद सोबत पाठवावा.

आपला,
खोगीर-दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, पुणे